रात्री नको, दिवसा या

सल्ला सदर, शनिवार, २१ मार्च २०२०

*ताई, आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. घरात मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय ७४, दम्याचा पंप घेतात. धाकटे दीर परळला चाळीत राहतात. दहा बाय बाराची खोली, माणसं चार. केटररकडे काम करतात. लग्नं रद्द झाली, काम बंद पडलं. आता ते गावी यायचं म्हणतात. वाडीची बैठक झाली आणि ठरलं की मुंबईकरांनी इतक्यात येऊ नये. दीर म्हणतात, मित्राच्या टेम्पोने रात्री येऊ, बागेतल्या मांगराकडून (राखणीच्या खोपीकडून) मागच्या पाखाडीने, पायवाटेने, घरात शिरू, कुणाला पत्ता लागणार नाही. सासूबाई रडतात, "माझ्या घरात माझ्या लेकाला बंदी?" हे म्हणतात, "तूच बघ काय ते." घर दोघा भावांच्या नावावर आहे. मला आईंची काळजी वाटते. आणि एक सांगते, कुणाला सांगू नका. वाडीने नाही म्हटलं तेव्हा मला आतून बरं वाटलं. गणपतीत विजेच्या बिलावरून जावेशी वाजलं होतं, ते अजून मनात आहे. मी भीतीने नाही म्हणतेय की रागाने, माझं मलाच कळत नाही. काय करू?*

*— एक सून*

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. एरवी मी पत्र आठ-दहा दिवस मुरू देते. या वेळी, कोरोनाच्या साथीत, तेवढी सवड नाही. तुम्ही हे वाचाल तोवर तुमचे दीर टेम्पोत बसलेलेही असतील. म्हणून आधी उत्तर, बाकीचं मागाहून. (सदराला पत्र लिहून "कुणाला सांगू नका" म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. गावाचं नाव आणि आणखी दोन खुणा काढून टाकल्या आहेत.)

माझ्या मते दिरांनी आत्ता येऊ नये. तरी ते आलेच, तर त्यांना घरात घेऊ नका आणि दारातून परतही पाठवू नका. मांगरात उतरवा, चौदा दिवस. आणि काहीही झालं तरी रात्री, मागच्या पाखाडीने नको. यायचं तर भर दिवसा, वाडीला आधी कळवून.

येऊ नये असं मी का म्हणते? गावाला त्रास होईल एवढंच त्यामागे नाही. वाटेत त्यांनाही धोका आहे. परवापासून मुंबई-पुण्याच्या स्टेशनांवर जी गर्दी उसळलीय, तिची चित्रं तुम्ही पाहिली असतील. टेम्पो म्हणजे गर्दी नाही असं त्यांना वाटत असेल, पण मुंबईपासून तुमच्याकडे यायला आठ-दहा तास लागतात आणि भाडं वाटून घ्यायचं म्हणजे त्यात आणखी दोन घरची माणसं असणारच. होळीच्या दिवशी पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले, दुबईहून आलेले. त्यांच्या पाठोपाठ ज्याला लागण झाल्याचं कळलं, त्यात त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीवाला होता. ते जेमतेम तीन-चार तासांचं अंतर. शिवाय परळहून कस्तुरबा रुग्णालय अर्ध्या तासावर आहे. तुमच्याकडे कुणाचा नमुना घेतला तर तो तपासायला जिल्ह्याबाहेर पाठवावा लागतो.

पण म्हणून तुमचे दीर मूर्खपणा करतायत असं मला म्हणायचं नाही. "एकमेकांपासून मीटरभर लांब राहा" असं सांगणाऱ्यांनी एकदा दहा बाय बाराच्या खोलीत चौघांत झोपून बघावं, आणि सकाळी सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहावं. काम गेलं की परळचा माणूस गावाकडे बघतो, ही आजची गोष्ट नाही. ८२ सालच्या संपात गिरणगावातले किती कोकणी कामगार बायकापोरांसह गावी येऊन राहिले, सासूबाईंना विचारा. त्यांना नावानिशी आठवत असतील. तेव्हा गावाने भात दिला, पेज दिली. तुमच्या दिरांच्या डोक्यात गाव म्हणजे ते आहे. या खेपेला गावाला त्यांची भीती वाटते, हे त्यांना समजायला थोडा वेळ लागणारच. आणि पंधरवड्यापूर्वी शिमग्याला हेच मुंबईकर आले तेव्हा पालखी नाचवायला खांदे कमी पडतात म्हणून वाडी त्यांची वाट बघत होती. वर्गणीची पावती आधी त्यांच्याच नावाने फाटते. हे ते विसरलेले नाहीत, वाडीनेही विसरू नये.

आता तुमचा खरा प्रश्न, भीती की राग.

दोन्ही. भीतीला जे हाताशी सापडतं ते ती वापरते, आणि तुमच्या घरात विजेचं बिल पडलेलं होतं. खात्री करायची तर मनाशी एक विचारून बघा: परळहून येणारी तुमची सख्खी बहीण असती, तर तिला माजघरात घेतलं असतंत का? आईंचा दमा बघता नसतंच घेतलं, असा माझा अंदाज आहे. तिलाही मांगरच दिला असता. फक्त तो आधी झाडून, सतरंजी घालून, पाण्याची कळशी भरून दिला असता. मग दिरांनाही तसाच द्या. रागाचा हिशेब तेवढाच, सतरंजीपुरता. मांगर द्यायचा की नाही हे दमा ठरवतो.

पण वाडीने नाही म्हटल्यावर जे बरं वाटलं, त्याबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण तो अनुभव माझाही आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, एका शाळकरी मुलीचा. शहर हादरलं. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागली. माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा ज्या शाळेत जायचा, तिथे एक मुलगा आजारी असल्याची आवई उठली. मला बाईंना थोडे दिवस येऊ नका असं सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. सोसायटीच्या बैठकीत "बाहेरच्या कामवाल्या बंद" असं ठरलं तेव्हा मी गप्प बसले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वॉचमनने त्यांना फाटकावरून परत पाठवलं. त्या महिन्याचा पगार मी दिला, पण तोही वॉचमनच्याच हातून. मुलाला काहीच झालेलं नव्हतं. बाई पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत, आणि बरोबरच केलं त्यांनी. येऊ नका म्हटल्याचा त्यांना राग नव्हता, हे मला नंतर कळलं. अकरा वर्षांची ओळख असून ते मी माझ्या तोंडाने सांगितलं नाही, हे त्यांना लागलं होतं.

म्हणून माझा पहिला आग्रह हा: नाही म्हणायचं तर ते तुमच्या घराने म्हणावं. "वाडीने ठरवलं, आमचा काय इलाज" असं नको. तसं म्हटलंत की दीर वाडीला चुकवायचा रस्ता शोधतील, आणि तो त्यांनी शोधलेलाच आहे. "आईंना दमा आहे, तुमच्यापैकी कुणी आजार घेऊन आलं तर त्या वाचतील याची आम्हाला खात्री नाही" हे सरळ सांगितलं तर त्याला पाखाडीतून वाट निघत नाही. आई त्यांचीही आहे.

आणि हे सांगायचं कुणी? तुम्ही नाही. भाऊ ह्यांचा, आई ह्यांची, घर दोघांच्या नावावर, आणि "तूच बघ काय ते" म्हणजे उद्या काही झालं की "हिने ठरवलं होतं" म्हणायची सोय. ती होऊ देऊ नका. आज संध्याकाळी फोन ह्यांनी लावायचा, तुम्ही शेजारी बसायचं. दिरांशी ह्यांनी बोलून झालं की फोन तुम्ही घ्या आणि जावेशी तुम्ही बोला. बिलाचा विषय काढू नका, मिटवायलासुद्धा नाही. पाणी किती वाजता येतं, रेशन किती दिवसांचं आहे, पोरं दिवसभर खोलीत काय करतात, एवढंच विचारा.

नुसतं नाही म्हणून फोन ठेवायचा नाही, हे ह्यांना बजावून सांगा. घर दोघांचं तसं शेतही दोघांचं असणार, म्हणजे कणगीतलं भात त्यांचंही आहे. मुंबईला जाणाऱ्या एस.टी.त पिशवी द्यायची आपली जुनी पद्धत आहे, आणि एस.टी. आज चालू आहे. पुढच्या आठवड्याचं मी सांगू शकत नाही. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुके बोंबील, जमतील तेवढे पैसे. महिनाभर खोलीत राहता येईल एवढं गाठीला असलं की निम्मी घाई तिथेच कमी होते. त्यांना टेम्पोत बसवतेय ती उपासमारीची धास्ती, आजाराची त्यामानाने कमीच असावी.

तरीही ते ऐकतील असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रावरून माणूस हट्टी दिसतो, आणि सासूबाईंचं रडणं त्यांनी फोनवर ऐकलेलं असणार. तेव्हा मांगराची तयारी ठेवाच.

त्याआधी ते रात्री येण्याचं. साथीत चोरून आलेला माणूस सगळ्यांत धोक्याचा, आणि तो वाईट असतो म्हणून नव्हे. एकदा लपून आला की त्याला पुढचं सगळंच लपवावं लागतं. ताप आला तर ताप लपवायचा, आशाताई दारात आल्या तर "घरात कुणी नाही" म्हणायचं, पोरगं खोकलं तर त्याच्या तोंडावर गोधडी. याच आठवड्यात, हातावर घरी राहण्याचा शिक्का असलेली माणसं रेल्वेतून उतरवावी लागली. ती मूर्ख होती का? घर गाठायचं होतं त्यांना, आणि खरं सांगितलं तर घर गाठू देणार नाहीत एवढं पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे हे आधी घडून गेलंय. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली, त्यात तुमच्या रत्नागिरीचे गिरणी कामगार होतेच. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगाचा कायदा केला. आठ दिवसांपूर्वी राज्य सरकारने लागू केला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. पुण्यात मग रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसून रोगी शोधायला लागले, आणि लोक काय करायला लागले? रोगी लपवायला. माळ्यावर, कपाटामागे. मेलेल्याचीही वर्दी द्यायची नाही. उचलून नेतील, बायकांची विटंबना करतील, सामान जाळतील ही भीती गाठीपेक्षा मोठी झाली. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झाला ते शाळेत शिकलो आपण. रोग मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं हटला नाही.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. तिच्या लहानपणी उंदीर पडला की सगळं गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. मुंबईहून कुणी आलं तर त्याची झोपडी जरा लांब, ओढ्यापलीकडे. भाकरी धोंड्यावर ठेवायची, हाक मारायची आणि मागे फिरायचं. मी एकदा तिला विचारलं होतं, त्यांना अपमान वाटायचा नाही का गं? ती म्हणाली, "कशाचा? सगळंच गाव झोपडीत होतं."

तुमच्याकडे सगळं गाव झोपडीत नाही, अडचण तीच आहे. एकटा मांगरात राहणारा माणूस वाळीत टाकल्यासारखा दिसतो. तेव्हा वाडीने तो रोज बघावा, पण लांबून, आणि बघताना हाक मारावी, हे तुम्हाला जमवावं लागेल. त्यासाठीच दिवसा या म्हणते. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना ह्यांनी उद्या सकाळीच सांगावं: आमचे भाऊ अमुक दिवशी येतील, मांगरात राहतील, चौदा दिवस खाली उतरणार नाहीत, आशाताईंनी रोज येऊन विचारावं. बैठकीत कुणी आवाज चढवला तर हेही सांगावं की या कायद्याखालचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, वाडीकडे नाहीत. पण ते शेवटी, आणि हळू आवाजात. वाडीची माणसंही घाबरलेली आहेत. तुमच्या जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडून अजून चार दिवस झाले नाहीत.

मांगरात सध्या आंब्याचा राखणदार असेल तर त्याची सोय आधी करा. त्याला आणि दिरांना एकत्र ठेवलंत तर सगळंच फुकट. संडास वेगळा हवा. नसेल तर चार चिव्यांच्या काठ्या आणि झापं लावून चर खणून घ्या, हे काम एका दिवसाचं आहे. विहिरीवर त्यांनी यायचं नाही, पाणी ह्यांनी ओढून गडग्यावर ठेवायचं. ताटवाट्या त्यांच्याकडेच राहू देत, त्यांनीच धुवाव्यात. साबण मात्र भरपूर द्या, चार वड्या तरी. हात साबणाने वीस सेकंद धुणं हे या सगळ्यात स्वस्त आहे, आणि त्याचाच लोकांना कंटाळा येतो. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. ताप, कोरडा खोकला, धाप यांतलं काही दिसलं तर कुणाच्या गाडीत घालून दवाखान्यात धावायचं नाही, आधी १०४ ला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करायचा. बहुतेकांना हा आजार साध्या तापासारखाच होऊन जातो, हे त्यांनाही सांगा, नाहीतर पहिल्या शिंकेला घाबरून ते खाली पळत येतील. आणि चौदा दिवसांत काहीच दिसलं नाही तरी दिवस मोजायला चुकू नका, चाकरमानी तेराव्या दिवशी गोड बोलायला लागतो.

खरी कसोटी सासूबाईंची. नातवंडं मांगरात आणि आजी ओटीवर, हे दोन दिवस टिकेल. तिसऱ्या दिवशी त्या पदराखाली खाऊ घेऊन निघतील. त्यांना "आई, तुम्हाला होईल" असं सांगून उपयोग नाही. त्या वयाच्या बायका "माझं काय उरलंय आता" म्हणून मोकळ्या होतात. "तुम्हाला काही झालं तर आयुष्यभर लोक तुमच्या लेकाचं नाव घेतील" असं सांगा. हे कठोर आहे, पण लागू पडेल. संध्याकाळी ऊन उतरल्यावर खळ्यात खुर्ची टाकून द्या, तिथून नातवंडं दिसतील, हाका मारता येतील.

त्यांच्या पंपाचं औषध महिन्याभराचं आणून ठेवा, आजच. दम बरा आहे म्हणून पंप बंद करू देऊ नका. आणि घरात धूर करू नका. कापूर, कडुनिंबाचा पाला, गुग्गुळ, फोनवर जे काही फिरतंय ते जाळलंत तर विषाणूचं काय होईल ते माहीत नाही, आईंची धाप मात्र नक्की वाढेल. बाकी निरोपांचंही तेच. कोंबडीने हा रोग होत नाही, पण त्या एका अफवेने पोल्ट्रीवाले रस्त्यावर आलेत. उन्हाळ्याने विषाणू मरेल या भरवशावर मांगराचे दिवस कमी करू नका, दुबईतही ऊन असतं. आणि उद्याच्या जनता कर्फ्यूत चौदा तास सगळे घरी बसले की विषाणू संपतो, असा जो हिशेब आलाय, त्याची आणि मांगराच्या चौदाची गल्लत दिरांनी करू नये. ते तास आहेत, हे दिवस.

फोन आज संध्याकाळीच करा. उद्या पाच वाजता थाळ्या वाजतील, त्यात काही ऐकू येणार नाही. हल्ली नंबर लावला की आधी कुणीतरी खोकतं आणि मग हात धुवायला सांगतं. ते ऐकून ह्यांनी फोन खाली ठेवू नये म्हणून तर शेजारी बसायचं.

आणि मांगर झाडायला घ्याल तेव्हा आधी काठी आपटा. या दिवसांत कौलांतून विंचू पडतात.